नवापूरच्या कोंबड्या धडगावच्या सर्व्हरमध्ये

प्रिय स्टीफन दाजी यांस,

धडगावहून अजितचा सप्रेम सलाम. तुमची कंबर, प्रिस्किलाताईचा खोकला आणि पोल्ट्रीतली पिल्लं (तुम्ही चौकशीचा क्रम उलटा लावाल, ठाऊक आहे) बरी असतील अशी आशा करतो. मी खुशाल आहे. काल दुपारी हे वाक्य लिहिता आलं नसतं.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या कॉलेजच्या लॅबपर्यंत इंटरनेट घाट चढून येईतो दमतं. म्हणून लागणारी सॉफ्टवेअरं तुमच्या नवापूरच्या ऑफिसातल्या चांगल्या लाइनवर माझ्या डिस्कमध्ये उतरतात, डिस्क मगनच्या जीपने वर येते आणि मी सर्व्हरवर मिररची कमांड देतो. हा मिरर भारी आज्ञाधारक. डिस्कवर जे आहे ते सर्व्हरवर आणायचं, जे नाही ते सर्व्हरवरून पुसायचं, एवढंच त्याला कळतं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची की काम सुरू. ‘साहेब, नक्की ना?’ असं विचारायची त्याला सवय नाही. (आधी काही न पुसता काय काय करणार ते नुसतं दाखव, असंही त्याला सांगता येतं. कॉलेजच्या मुलींना मी ते दर वर्षी घसा फोडून शिकवतो.)

आज प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती इथे झाली नसती तर केंद्र खाली शहाद्याला गेलं असतं, आणि पाड्यापाड्यांवरून येणाऱ्या आमच्या निम्म्या मुलींना घरच्यांनी तिकडे पाठवलंच नसतं. आमच्या प्राचार्य शीला मॅडमनी या केंद्रासाठी केवढे हेलपाटे घातले, मी पाहिलंय. नियम असा की आदल्या दिवशी सगळे कॉम्प्युटर कोरे करून सर्व्हरवरून नव्याने भरायचे. मी ते कोरे केले, तुमच्याकडून आलेली डिस्क लावली, ओळ लिहिली आणि मगनबरोबर चहाला गेलो.

पेला हातात घेऊनच परतलो, तर स्क्रीनवर ‘पुसलं, पुसलं, पुसलं’ अशी रांग धावतेय! दाजी, तुम्ही माझी डिस्क रिकामी करून तीत शेडच्या कॅमेऱ्यातलं कोंबड्यांचं चित्रण भरलंत (आणि ताईचं चर्चमधलं नाताळचं गाणं). मिररने इमानदारीने ठरवलं की कोंबड्याच खऱ्या, बाकी सगळा कचरा. थांबवायची बटणं मला पाठ आहेत, पण हात पेल्यालाच चिकटला.

“सर, तुम्हनं तोंड असं कसं व्हई गयं?” मगनने विचारलं, आणि लाईट गेली.

सर्व्हर बंद. त्याला तग धरायला इन्व्हर्टरची बॅटरी असते, पण ती तुम्ही पिल्लांच्या बल्बसाठी दिवाळीत उसनी नेलीत ती नेलीतच. त्यावरून मी तुम्हाला काय काय लिहिलं होतं, आठवून लाज वाटते. लाईट आली तेव्हा पाहिलं, निम्मं गेलं होतं, पण परीक्षेला लागणारं सगळं शिल्लक होतं. त्याचा पुसायचा नंबर अजून यायचा होता. मी खुर्चीत बसून खरोखर रडलो. मगनने माझा उरलेला चहा पिऊन टाकला. आज सगळ्या मुली परीक्षेला बसल्या, आणि मॅडमनी माझ्या दक्षतेचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं.

ताईला आणि चर्चमधल्या सगळ्यांना सलाम.

तुमचा मेहुणा,
अजित

ता. क. बॅटरीबद्दलची माझी जुनी पत्रं फाडून टाका. पिल्लं मोठी होईपर्यंत खुशाल ठेवा.

पुन्हा ता. क. असा प्रसंग पुन्हा नको म्हणून सर्व्हरवर उरलेल्याची एक प्रत लगेच तुमच्याकडून आलेल्या त्याच डिस्कवर करून ठेवली. मगनबरोबर पाठवतोय. जपा.

आणखी एक. ही प्रतही मिररनेच केली, फक्त उलट दिशेने. म्हणजे सर्व्हरवर जे नव्हतं, ते डिस्कवरून गेलं. कोंबड्यांचं काही नाही, त्या रोज फिरतातच. पण गाण्याचं ताईला तुम्हीच सांगा, तेवढ्यासाठीच हे पत्र. या खेपेला लाईट अजिबात गेली नाही.