चौकशीवाला येऊन गेला

रोहा,
१४ फेब्रुवारी १९९६

प्रिय शीरा,

शालोम. तिकडे अश्दोदला तुम्ही सगळी बरी असाल. तुझं पत्र आणि खजूर पोचले. इथली थंडी ओसरली. माझे गुडघे आहेत तसेच. तुला फोन करायला बूथपर्यंत गेले होते, पण परत आले. म्हणून लिहिते.

एलियाहने मोटारसायकलसाठी पेणच्या एका फायनान्सवाल्याकडे अर्ज केला होता. धाटावला कारखान्यातली रात्रपाळी सुटल्यावर बस चुकली की त्याला चालत यावं लागे. हे लोक हप्त्याने गाडी देण्याआधी माणसाची माहिती काढतात. पगार किती, घर भाड्याचं का, आधीची उधारी वेळेवर फेडली का, शेजारी काय म्हणतात. त्याचा रिपोर्ट होतो आणि त्यावरून कर्ज द्यायचं की नाही ते ठरतं. एलियाह मला म्हणाला होता, आई, आता थोडे दिवस सीताबाईशी नळावरून भांडू नकोस.

सोमवारी त्यांचा माणूस आला. तरुण पोरगा, हातात फाइल. आधी किराणावाल्याकडे आणि शेजारी सीताबाईकडे जाऊन आला होता. एलियाह घरी आहेत का म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. तो विचारत गेला, मी सांगत गेले. दारू पीत नाही. दुसरं कर्ज नाही. फ्रिजचं होतं, ते फिटलं.

तो म्हणाला, "मावशी, रिपोर्ट चांगला जाणार."

किराणावाल्याने सांगितलं होतं की उधारी पगाराच्या दिवशीच चुकती होते. आणि सीताबाईने सांगितलं की तिच्या नवऱ्याला लकवा झाला तेव्हा एलियाह पाळीहून आला की आधी त्याला उचलून अंघोळीला न्यायचा. मला हे ठाऊकच नव्हतं, शीरा. पोर लाखात एक हाय, असं म्हणाली ती. "होता" म्हणाली नाही. किराणावालाही नाही. ते सांगणं आईवर सोडलं असेल दोघांनी.

मग त्याने कागद पुढे केला. सहीसाठी साहेब कधी भेटतील, म्हणाला.

मी म्हटलं, "तो गेला, बाबा. एक तारखेला सकाळी बस चुकली. चालत येत होता. ट्रकने उडवलं."

हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. तुलाही कळवू नका, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

पोरग्याने कागद मागे घेतला. मग हळूच म्हणाला, हे फाडून टाकू का? मी म्हटलं, नको, एकदा वाचून दाखव. त्याने सगळं वाचलं. नाव, वय सव्वीस, पगार, वर्तणूक उत्तम, कर्ज देण्यास योग्य. मग खाली 'अर्जदार मयत' असं लिहिलं आणि मान खाली घालून गेला.

मला रडू आलं नाही. सुतकाचे सात दिवस बसलो तेव्हाही आलं नाही. लोक जेवण आणत, मी जेवत असे. अजून तशीच आहे.

तू यायची धडपड करू नकोस. फक्त तिकडच्या आपल्या मशिदीत, सिनेगॉगमध्ये, त्याच्या नावाने कद्दिश म्हणायला सांग, गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना. तिला लागणारे आपले दहा पुरुष इथे आता जमत नाहीत.

तुझी ताई,
एलियाहची आई,
लीया