चिठ्ठीवरचं ठिकाण

सर, ते पिल्लू नव्हतं. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, कशाला उकरतेस, असं घरचे म्हणतात. मी उकरणार.

मुरबाडच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला मी ती सापसुरळी स्पिरिटच्या बाटलीत घालून आणली होती. बोटाएवढी, तांबूस, खालच्या पापणीत काचेसारखा ठिपका. म्हसाची जत्रा उरकली की आमच्याकडे राबाची तयारी लागते. शेतात पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळला पाला, पसरून भाजायचा, त्या राखेत पुढे भाताचं बी पेरायचं. ती त्या पातेऱ्यातून निघाली. भाजायच्या आधी मी उचलली, पण जगली नाही. पायाला चिठ्ठी बांधून ठिकाण लिहिलं, घरचं शेत. ही वेगळी आहे याची मला खात्री होती. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, बाटली उजेडाकडे धरलीत आणि भरल्या वर्गात म्हणालात, "शेतातल्या सापसुरळीचं पिल्लू आहे हे. उद्या उंदीर आणशील नि ससा म्हणशील." सगळे हसले, तुम्हीही हसलात. भिंग तुमच्या हाताशी होतं, सर. खवल्यांच्या ओळी वयानं बदलत नाहीत, पिल्लाला असतात तेवढ्याच मोठीला, हे आम्हाला तुम्हीच शिकवलेलं. मोजायला दहा मिनिटं लागली असती. मी पुढे शिकायचा विचार त्या दिवशी सोडला. बी.एड. केलं, शहापूरच्या शाळेत लागले, आणि इतकी वर्षं फळ्यावर तोच बेडूक काढतेय. तुमचा राग येतो मला, अजून येतो.

गेल्या वर्षी कॉलेजनं जुन्या बरण्या टाकायला काढल्या, त्या मी मागून घेतल्या. त्यांत माझी बाटलीही होती. माझ्या चिठ्ठीच्या मागे तुमच्या अक्षरात 'पिल्लू' लिहिलेलं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळी मोजल्या, शेतातल्या सापसुरळीपेक्षा चार कमी. पोट उघडलं तर आत दोन अंडी. पिल्लाच्या पोटात अंडी, सर! मग दर सुट्टीला टोकावड्याच्या वरच्या डोंगरात जाऊन पातेरा उकरत बसले, तेव्हा तशीच एक जिवंत सापडली. ही जात दाट झाडीखालच्या ओलाव्यातून बाहेर येतच नाही. शेतात तर मुळीच नाही.

आमच्या शेतात ती आली ती आईच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून. तो पातेरा त्याच डोंगरावरच्या राखीव जंगलातला होता. मी चिठ्ठी लिहीत होते तेव्हा आई भाकऱ्या थापत म्हणाली, "डोंगराचं नाव काढू नको गो. तुझ्या सरांकडं फॉरेस्टवाल्यांची उठबस हाय." मला ठाऊक होतं खरं ठिकाण कुठलं ते. तरी मी शेत लिहिलं, आणि तुम्ही शेत वाचून शेतातली म्हणालात.

आता या जातीवर लेख लिहिलाय. त्यात जुन्या नमुन्याबद्दल एकच वाक्य आहे: 'चिठ्ठीवरचं ठिकाण आणि ओळख, दोन्ही चुकीची.' ओळख कुणी केली, तिथे तुमचं नाव आहे. ठिकाण कुणी लिहिलं, ते दिलेलं नाही. वाचणाऱ्याला दोन्ही चुका तुमच्याच वाटतील. तशा वाटाव्यात म्हणूनच मी ते वाक्य तीनदा बदललं.

हे पत्र मी फाडणार आहे. लेख काल पाठवला.