भरिताचा वास

१४ नोव्हेंबर
परत शर्टावर कढी! वाटी धरली की ह्यांचा हात थरथरतो. पुसायला गेले तर म्हणे, "तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. धुळे-अमळनेर रस्त्याचे खड्डे अंगात राहिलेत." स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. शेजारच्या रुपचंद आबांचं असंच सुरू झालं होतं — पार्किन्सन. आता त्यांना घास भरवावा लागतो.

१९ नोव्हेंबर
लेकीनं धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती. त्यांनी ह्यांना चालवलं, बोटांची उघडमीट करून घेतली. शंका वाटते, पण खात्री नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे अभ्यासासाठी रक्ताची एक नवी तपासणी चालू आहे. या आजारात रक्तात एक प्रथिन वाढलेलं सापडतं म्हणे. "नुसत्या रक्तावरून ठरत नाही काकू, पण माझ्या तपासणीला जोड मिळते."

तुलनेसाठी त्याच वयाचं धडधाकट माणूसही हवं होतं. हे लगेच — "हिचं घ्या. हिला काय धाड भरलीय!" घेतलं माझंही. सुई टोचताना हे माझा हात धरून बसले. हलत होता ह्यांचाच, आणि मला म्हणतात, हलू नको.

२३ नोव्हेंबर
भरीत केलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पण वांग्यांना पूर्वीसारखा वासच राहिला नाही. तसं म्हटलं, तर हे ताटावरून — "बठ्ठा घरमा वास भरेल शे, अन् तुले येत नही?" ह्यांचं आपलं काहीतरीच. अगरबत्तीसुद्धा हल्ली फुसकी मिळते.

२८ नोव्हेंबर
कानबाईला नवस बोलले, ह्यांचं रक्त चांगलं येऊ दे, श्रावणात रोट करीन.

४ डिसेंबर
फोन आला. ह्यांच्या रक्तात काही नाही! डॉक्टरीणबाईंना तपासून वाटलेली शंकाही आता कमी झालीय. हाताचा साधा कंप असावा, घराण्यातला. खरंच, मामंजींच्या बशीतही अर्धा चहा सांडलेला असायचा. मी फोनवरच रडले. हे पेढे आणायला चपला घालू लागले.

मग बाई म्हणाल्या, "काकू, ते प्रथिन तुमच्या रक्तात जास्त आलंय. आजार आहे असं मी म्हणत नाही, तपासावं लागेल. पण एक सांगा, तुम्हाला वास नीट येतो ना? या आजारात काहींना हात थरथरायच्या खूप आधी वास येईनासा होतो."

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी चपला काढून ठेवल्या.

५ डिसेंबर
सोमवारी धुळ्याला जायचं. आज ह्यांनी जन्मात पहिल्यांदा भरीत केलं. मला पाटावरून उठू दिलं नाही. पहिला घास माझ्या तोंडाशी धरला, निम्मा साडीवर सांडला.

"येतो का वास?"

येतो, म्हटलं.