उलटे आटे

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. ‘इकडे सर्व ठीक, तिकडचं कळव’ असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. त्यातलं पहिलं खरं नाही आणि दुसरं तू करणार नाहीस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. पत्राचं निदान पाकीट तरी फोडशील.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. सहा मार्च, गुरुवार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धोका आहे, असं डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावरच सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन एकच अट घातली. हॉस्पिटलमध्ये जाईन तर माझ्या गाडीतून, दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही. किल्ली माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “आजपासून तुझी. चालू कर.”

म्हणजे बघ, बावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली ती काळी गाडी आता माझी आहे. मला साधी सायकलची चेन बसवता येत नाही! पहिल्याच दिवशी मी हौसेने प्लगच्या चारही वायरी एकदम उपटल्या आणि मग कुठली कुठे लावायची ते कळेना. इंजिन सुरू केलं तर दमेकऱ्यासारखं खोकायला लागलं. रेडिएटरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, तेव्हा खालची तोटी उघडी आहे हे माझ्या चपला भिजल्यावर लक्षात आलं. बाबा खिडकीतून बघत होते. हसले नाहीत, पण खिडकी लावूनही घेतली नाही.

आता मात्र नाकी नऊ आलेत. इंजिन कसंबसं चालतंय. ब्रेकचं काम मी करणार नाही, तेवढी अक्कल आहे. मिस्त्री म्हणाले, चारही चाकं काढून ठेवा, मग येतो. उजवीकडची दोन्ही निघाली. डावीकडची निघेनात. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, शेवटी पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले. नट हलत नाही. बाबांना विचारायची सोय नाही, डाव्या चाकाचं नाव काढलं की ते उठून आत जातात. तुला माहीत आहेच.

तुला त्या चाकांची माहिती आहे, म्हणून विचारते. बाकी काही नाही. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

पूर्वी मी अशी काही खटपट करायला लागले की तू मला एका नावाने हाक मारायचास. आता त्या नावाने कुणी बोलावत नाही.

तुझी धाकटी बहीण


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड काल आलं. ना तारीख, ना नमस्कार, फक्त ‘डावीकडचे आटे उलटे.’ बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आई गेली तेव्हा तू आलास आणि फाटकातूनच परत गेलास, तेव्हाही इतकं बोलला नव्हतास.

कार्ड घेऊन तशीच खाली गेले. नट सोडवताना डावीकडे फिरवायचा असतो, तो मी उजवीकडे फिरवला. पहिल्या झटक्याला ‘कर्र’ असा आवाज झाला आणि मग नट अगदी सहज फिरायला लागला. दादा, तो आवाज मी पूर्वी ऐकलेला आहे. हाताला तो झटका आणि नंतरचा तो हलकेपणा, दोन्ही माझ्या ओळखीचे होते. पाना हातातून सुटला आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

आता लिहिते. तीन कागद फाडून झालेत.

त्या रविवारची सकाळ. आदल्या संध्याकाळी पुढचं डावं चाक पंक्चर झालं होतं आणि ते तू बदललं होतंस. आपण सगळे उताराच्या रस्त्याने मामाकडे जाणार होतो. तुम्ही आवरत होता. मी तेरा वर्षांची. गाडीला हात लावायचा नाही हा बाबांचा नियम होता, आणि माझे हात तर कायम शिवशिवायचे. चाकाची टोपी पुसून लखलखीत करावी, बाबा खूश होतील, म्हणून मी ती काढली. पाना बाजूलाच पडलेला होता. वाटलं, दादाने आवळलंय, आपणही जरा आवळून ठेवू. सगळं जग आवळतं तसं उजवीकडे फिरवायला गेले. हलेना, तेव्हा पान्यावर चढून उभी राहिले. ‘कर्र’ झालं आणि मग सोपं गेलं. मला वाटलं, बघा, दादाने सैल ठेवलं होतं, मी नीट केलं. तीन नट मी असे ‘नीट’ केले. चौथ्याला आईने हाक मारली. टोपी ठोकून बसवली आणि हात फ्रॉकला पुसले.

पुढचं तुला सांगायला नको. उतारावर चाक निखळलं आणि गाडी भिंतीवर गेली. ती दुरुस्त होऊन आली, पण बाबांनी पुन्हा कधी चालवली नाही. बाबांचा गुडघा गेला, मोजणीदाराची उन्हातान्हातली नोकरी गेली, त्यांना टेबलाशी बसवलं. तू हॉस्पिटलच्या दारात पुन्हा पुन्हा सांगत होतास, “मी पक्के आवळले होते, बाबा.” त्यांनी स्ट्रेचरवरूनच चारचौघांत तुझ्या थोबाडीत मारली. “चूक केलीस ती केलीस, वर खोटं बोलतोस!” मी तिथेच उभी होते, तुझ्यापासून चार हातांवर.

तेव्हा मी गप्प बसले ती मार पडेल म्हणून. नंतर स्वतःची समजूत घालत आले की मी तर आवळलंच होतं, मग माझा काय संबंध? कधी कधी तर मी तुझी चूक झाकली असंही वाटायचं मला. लिहायलाही लाज वाटते. काल दुपारपर्यंत मी हेच धरून बसले होते. तरी पाना माझ्या हातात होता एवढं सांगायला काय हरकत होती? ते कितीदा ओठांवर आलं आणि मी गिळलं. तू घर सोडून निघालास त्या सकाळीसुद्धा.

बाबांना सांगितलेलं नाही. ऑपरेशनपर्यंत त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी हे कारण पुढे करत नाही. किंवा करतेही असेन. मला कळेनासं झालंय.

माफी मागायचं तोंड नाही. तरी मागते.

तुझी बहीण


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझं दुसरं कार्ड काल सकाळी मिळालं. ‘बाबांना सांगितलंस का?’

दुपारपर्यंत घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? नाही सांगितलं आणि गुरुवारी ते टेबलावरून उठलेच नाहीत तर? मग तू त्यांच्या लेखी कायमचा खोटारडाच राहशील. शेवटी गोळ्यांची डबी मुठीत धरली आणि त्यांच्या खाटेशी जाऊन बसले.

“बाबा, त्या रविवारी सकाळी पाना माझ्या हातात होता.”

कुठला रविवार, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “कुठल्या बाजूला फिरवलास?”

मी हवेत हात फिरवून दाखवला. ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

“किती नट?”

“तीन.”

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या छातीवरची चादर वर-खाली होताना बघत होते. मग म्हणाले, “त्याला मी शिकवलं होतं. तुला नाही शिकवलं.”

“तुम्ही हात तरी कुठे लावू द्यायचात, बाबा?”

“हो. पण तुला तोंड होतं ना?”

ते भिंतीकडे वळले. पाठमोरेच म्हणाले, “चारचौघांत मारलं मी त्याला.” मग त्यांचे खांदे हलायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गोळी द्यावी लागली. आता ठीक आहेत, जीव माझाच टांगणीला लागलाय.

आज सकाळी काठी टेकत खाली आले. मिस्त्री ब्रेकचं काम संपवून चारही चाकं बसवून गेले होते. बाबांनी गाडीला एक फेरी मारली, पुढच्या डाव्या चाकाशी थांबले आणि मला म्हणाले, “याचे नट काढ.” मी पाचही काढले, या वेळी न चुकता. “हे त्याने आवळायचे. त्याशिवाय मी या गाडीत बसत नाही.”

“आणि दादा नाही आला तर?”

“नाही आला तर नाही.”

“बाबा, ऑपरेशन आहे!”

“मला माहीत आहे काय आहे ते.”

तुला त्यांचा हट्ट माहीत आहे. मी रडले, ओरडले, डॉक्टरांना बोलावीन म्हणाले. ते वर गेले आणि पेपर वाचत बसले.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. गुरुवारी सकाळी नऊला निघायचंय. माझ्यासाठी येऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. मी वरच थांबेन, हवं तर.

गाडी जॅकवर आहे. पाना चाकाशेजारी ठेवलाय, पाच नट वाटीत आहेत. त्यांना हात लावायचा नाही, हे मला आता कुणी सांगायला नको.

तुझी,
लुडबुडी