सुनेच्या हातातला कागद

रविवार, संध्याकाळ

लेकानं आज नव्या होम थिएटरवर कराओके लावलं. विहीणबाई आल्या होत्या, म्हणून मीच तोऱ्यात माइक घेतला. पहिलं कडवं म्हटलं अन् पुढचं विसरली. टीव्हीवर शब्द धावत होते. गाणं हिंदी, पण अक्षरं सारी इंग्रजी. मले कुठं वाचता येते!

सून प्रिया हातात कागद घेऊन जवळ आली. "आई, हे घ्या."

मी खेकसली, "मले शिकवू नको वं! तुमची मशीनच भंगार आहे."

माइक चालूच होता. पाचही स्पीकरमधून घरभर गेलं, तिच्या आईसमोर. प्रियानं कागद मुठीत चुरगाळला. म्हणाली, "हो, मशीनच अटकते." अन् गाणं बंद केलं.

काहून चिडली मी? वाचता येत नाही म्हटलं असतं तर कोण हसणार होतं?

पाहुणे गेल्यावर सोफ्याखाली तो कागद सापडला. तेच गाणं, मोठमोठ्या मराठी अक्षरांत. आधीच लिहून ठेवलं असन तिनं, माझ्यासाठी.

ती आत भांडी घासून राहिली. कागद माझ्या हातात आहे, पण उठून जायची हिंमत नाही. मघाशी तर मोठा आवाज निघत होता.