सात पट्ट्यांची वाकळ

प्रिय अख्तरी,

मी दहावी पास झाले! गणितात एकसष्ट. मुदखेडभर पेढे वाटून झाले, तुझे डब्यात राखून ठेवलेत. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि महत्त्वाचं राहून जातं. माझ्या हातून तुझा एक अपराध झालाय, तो सांगायचाय. तेव्हा न हसता वाच.

गणितानं मला यंदाही रडवलं. लेक लुंबिनी रोज शिकवायची, पण अवयव पाडायचे म्हटलं की माझं डोकं ठप्प. शेवटी तिनं वही मिटली आणि तू लातूरहून पाठवलेलं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. एक मोठा चौकोन कापला, तो क्ष वर्ग. त्याच्याच लांबीच्या सात पट्ट्या, त्या सात क्ष. आणि पट्टीच्या रुंदीचे बारा चिमुकले चौकोन. म्हणाली, आई, यांची वाकळ जुळव. भोक पडायचं नाही, तुकडा उरायचा नाही.

जन्मभर वाकळी शिवल्यात, मला काय अवघड? ऐटीत एका बाजूला सहा पट्ट्या लावल्या, दुसरीला एक. कोपऱ्यात सहाच चौकोन मावले, सहा हातात उरले. पोरगी गालातल्या गालात हसली. मग एकीकडे तीन, दुसरीकडे चार लावल्या, तर बाराही चौकोन चपखल बसले. बेरीज सात, गुणाकार बारा. मी टाळ्या पिटल्या आणि एकदम आठवलं. हे गणित मी आधी पाहिलं होतं.

नववीची वार्षिक परीक्षा आठव. तू तीन आणि चारच लिहिलं होतंस. मी डोकावले आणि सहा आणि एक कर म्हणून कुजबुजले. तू म्हणालीस, "तू म्हणून राहिलीस तर तसंच असंल," आणि खोडलंस. दोघी नापास झालो, तू तर दोनच मार्कांनी. शाळा सुटली. तेव्हापासून आपल्याला गणित जमत नाही असं तू सगळ्यांना सांगतेस. परवा फोनवर ऐकलं, नात मनतशालाही तेच सांगत होतीस.

अख्तरी, तुझं बरोबर होतं. चुकले मी, माफ कर. ती वाकळ शिवून सोबत पाठवतेय, मनतशाला दाखव. आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेव. रविवारी पेढे आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन येतेय. तुझी सही झाल्याशिवाय उठणार नाही. पेपराच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी राहीन, म्हणजे मला तुझ्या कानात काही सांगता येणार नाही.

तुझ्या बाकावरची,
तुझीच महामाया