सावलीतलं डांबर

तांडा, फुलसावंगीजवळ
२१ एप्रिल २०२५

ती. रंजिताबाईस,
धाकट्या शामचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला. पाया पडायची सध्या इच्छा नाही. तू माहा नंबर ब्लॉक केला, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून कोणाले पत्र लिहिलं नाही, अन् पहिलं लिहून राह्यलो ते भांडायले. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईनं विचारलं की कोर्टाचं काम आहे काय. मी म्हटलं, त्याच्याहून वाईट, घरचं आहे.

असं काय केलं होतं मी? विठ्ठलराव ठेकेदार माह्याजवळ येऊन बसले, फोन स्पीकरवर टाकायले लावला, अन् बहिणीले विचार म्हणे, रस्त्याच्या तपासणीले कधी येते. मी विचारलं. तू एक शब्द न बोलता फोन कापला. चार लोकायसमोर. ज्याच्या रोलरवर मी पोट भरतो त्याच्यासमोर.

आजवर मी आदिलाबादच्या ट्रकवर क्लीनर झालो, पुसदले फटाके विकले, नागपूरले लग्नाच्या बँडात खुळखुळा वाजवला. तो बँडवाला मोठा गमतीचा होता, त्याच्या घोडीचं तुले सांगायचं आहे. हां, काय सांगत होतो. कुठंच दोन महिन्यांवर टिकलो नाही. इथं डिसेंबरपासून टिकलो. आपल्याच तांड्याचा रस्ता, अन् रोलर माह्या हातात. याडी दुपारी भाकर घेऊन येते अन् सगळ्यायले ऐकवते की माही पोरगी रस्ता तपासते अन् माहा पोरगा दाबते.

आता ऐकलं की तुम्हा हाफिसवाल्यायले यवतमाळले आठ दिवसाचं प्रशिक्षण आहे. सरकारी माणसानं पैसे खाऊ नये, हे शिकायले आठ दिवस लागतात काय? आपण गूळ चोरला तेव्हा याडीनं एका चापटीत शिकवलं होतं.

तुमची तपासणी मले चांगली माहीत आहे. रस्ता रुंद करताना विठ्ठलरावनं सगळी झाडं पाडली अन् एकच कडुलिंब ठेवला. लोकायनं त्याले हार घातला, झाडं जपणारा माणूस म्हणून. मले हसू आलं. मे महिन्याच्या उन्हात साहेबाची जीप थांबणार कुठं? सावलीत. चहा तिथं येते, मशीन तिथंच उतरते, अन् डांबराचा गोल तुकडा कापून जाडी मोजतात तेही तिथंच. म्हणून कडुलिंबाखाली थर असा जाड टाकला आहे की काही विचारू नको. बाकी तीन किलोमीटर नुसतं काळं केलं आहे. जा, सांग तुह्या शिकवणाऱ्याले.

पण तपासणीले आली की सही करून टाक. तांड्याले एवढ्या वर्षांनी रस्ता होऊन राह्यला. नखरे करू नको.

लोभ असला तर असू दे, मी मागत नाही.
तुहा भाऊ,
शाम


यवतमाळ
२९ एप्रिल २०२५

चि. शाम यास,
आशीर्वाद. मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात. वि. वि.

फोन कापला, कारण तुझ्या आवाजामागे दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

तुझं पत्र वाचलं. रस्ता पातळ केल्याचं तू असं सांगतोस जणू वरातीत नाचलास. त्याच रस्त्यावरून याडीला दवाखान्यात न्यायचं आहे, हे लिहिताना आठवलं नाही?

प्रशिक्षणाची टिंगल केलीस, म्हणून ऐक. पहिले दोन दिवस मीही वहीत फुलं काढत बसले. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, कोणाकोणाच्या घरी पाकीट आलं आहे. कोणाचा हात वर झाला नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही जे काम तपासता त्या कामावर तुमचा भाऊ, मेहुणा, पुतण्या कोणी लागला आहे का. सगळे खाली बघायला लागले, आणि मला तुझा रोलर दिसला. डिसेंबरात तुला घेताना विठ्ठलरावांनी आधी रोलर चालवून दाखव म्हटलं होतं का, की आधी बहीण कुठे असते ते विचारलं होतं? तुला वाटतं तुला नोकरी मिळाली. शाम, तू मला दिलेली लाच आहेस.

मी लिहून दिलं की माझा सख्खा भाऊ या ठेकेदाराकडे आहे, हे काम माझ्याकडून काढून घ्या. काढलं. आता दुसरे साहेब येतील. तुकडा कुठे कापायचा ते चिठ्ठी टाकून ठरवावं, असं आम्हाला शिकवलं. मी त्यांना तसं सुचवलं तर ते हसले, म्हणाले, या उन्हात चिठ्ठ्या उडून जातात. तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं असतं तर सगळ्यात आधी तूच अडकला असतास. म्हणून ठेवलं नाही. ते बरोबर केलं की चूक, मला कळत नाही, आणि त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

ते काम सोड.

लोभ आहे, पण सध्या झाकून ठेवला आहे.
रंजिता


तांडा
८ मे २०२५

ती. बाईस,
शि. सा. न., या खेपेला अर्धाच.

तू मले लाच म्हटलं. मी पत्र फाडलं. मग चिकटवलं, कारण अर्ध्यातच फाडलं होतं अन् पुढच्या शिव्या वाचायच्या राहिल्या होत्या.

माहा हात चांगला आहे म्हणून मले ठेवलं, समजलं? गरम डांबरावर रोलर थांबू द्यायचा नसते, थांबला की तिथं खळगा पडते. न थांबायचं काम मले जमणारच. तू खुर्चीवर बसून लिहून देते, इथं माणसं उन्हात भाजून राह्यली.

तांड्यात तुह्या नावानं शिमगा चालू आहे. तांड्याचा नायक म्हणे, पोरगी शिकली अन् आपल्याच रस्त्यावर उलटली. तू हात काढला म्हणून तपासणी लांबली, अन् पाऊस तोंडावर आहे. बा जेवता जेवता ताटावरून उठला. याडी कोणाच्याच बाजूनं बोलत नाही, नुसती भांडे आपटते. झालं तुह्या मनासारखं?

अन् हो, मी आता पाण्याच्या टँकरवर आहे. रोलरची सीट उन्हानं लय तापते, म्हणून मीच मागून घेतला. टँकरवर गार राहते. मजेत आहे.

त्या बँडवाल्याच्या घोडीचं राह्यलं. ती एकाच गाण्यावर चालायची, दुसरं वाजवलं की नवरदेवासकट उभी. एकदा हिंगण्यात... जाऊ दे. आज मन नाही.

लोभाचं पुढच्या वेळी पाहू.
शाम


यवतमाळ
१७ मे २०२५

चि. शाम यास,
आशीर्वाद. वि. वि.

काल याडीचा फोन आला. टँकर तू मागून घेतलास असं तिनं सांगितलं नाही. ती भाकर घेऊन आली तेव्हा विठ्ठलराव सगळ्यांदेखत जे बोलले, ते तिनं ऐकलं आणि मला जसंच्या तसं सांगितलं: "बहीणच गेली, आता याले रोलरवर कायले ठेवू?"

माझंच खरं निघालं. मला वाटलं होतं, तसं झालं की बरं वाटेल. नाही वाटलं. उलट इतका राग आला की मले वाटलं आत्ताच गाडी पकडावी अन् त्या माणसाले विचारावं, माह्या भावाले असं बोलणारा तू कोण. पण तू मला खोटं लिहिलंस, मजेत आहे म्हणून, त्याचा राग अजून मोठा आहे.

तपासणी सत्तावीसला आहे, हेही याडीकडूनच कळलं. ऑफिसात त्या कामाचं मला कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या रस्त्यावर पुन्हा माझा हात आला, आणि तो मी लिहून देऊन काढला आहे.

घोडीचं अर्धवट का सोडलंस? असली सवय मला आवडत नाही.

लोभ आहे. त्यावर भांडण नको.
रंजिता


पांढरकवडा
९ जून २०२५

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि. पुरा.

पहिले हे लक्षात ठेव की तुह्यासाठी काहीच केलं नाही.

सत्तावीसले सकाळीच मी टँकर कडुलिंबाखाली लावला अन् मागचा नळ सोडून दिला. जीप येईपर्यंत तिथं म्हैस बसेल एवढा चिखल झाला होता. विठ्ठलराव धावत आले, म्हणे गाडी काढ. मी म्हटलं क्लच गेला. चाबी माह्या पायजम्याच्या आतल्या खिशात होती. साहेबानं एक पाय खाली ठेवला, चप्पल फसली, दुसरा पाय खाली आलाच नाही. विठ्ठलराव विनवत होते की अर्धा तास थांबा, मुरूम टाकून देतो. पण ऊन असं होतं की साहेबाचं डोकं तडकलं. जीप थोडी पुढं नेली अन् म्हणे, इथंच मशीन लावा अन् सुट्टी करा.

तिथं काय आहे ते मले माहीत होतं. मीच दाबलं होतं. खाली काही नसलं तर रोलरवाला काय दाबणार?

तुकडा निघाला. सगळा तांडा पाहायले जमला होता, मोबाईल वर करून. याडी पुढं होती. तिनं वाकून पाहिलं अन् मोठ्यानं म्हणाली की माही भाकर याच्याहून जाड असते. लोक हसले. मग हसता हसता गप्प झाले, कारण रस्ता आपलाच होता. एवढ्या मोबाईलसमोर साहेबाले जाडी लिहावीच लागली.

आता विठ्ठलराव पावसाळ्यानंतर सगळा रस्ता आपल्या खर्चानं पुन्हा करणार. म्हणजे यंदाही चिखल. नायक माह्याकडं पाहून थुंकते. बा बोलत नाही. तुह्याशीही बोलत नाही, म्हणजे आपण बरोबरीत आलो. मले त्याच दिवशी काढलं हे सांगायची गरज नाही.

हिंगण्यात त्या घोडीनं नवरदेवाले सरळ दुसऱ्याच मांडवात नेलं होतं. तिथं तिचं गाणं वाजून राह्यलं होतं. घे, झाली पुरी.

परवा पांढरकवड्याकडच्या एका रस्त्यावर रोलर मागायले गेलतो. तिथला मुकादम म्हणे आधी चालवून दाखव. मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राह्यलो. मग दाखवला. ठेवलं त्यानं. घरचं काहीच विचारलं नाही.

त्यानंतर एक कागद दिला. हाफिसात कोणी नातेवाईक आहे काय, असल्यास नाव अन् नातं. मुकादम म्हणे, हे नवीनच निघालं, यवतमाळच्या कोण्या बाईनं भावाचं लिहून दिलं तेव्हापासून. पेन घेऊन लय वेळ बसलो. नाही लिहिलं असतं तर कोणाले कळणार होतं? अन् लिहिलं तर पुन्हा तुहा भाऊ झालो.

लिहिलं. एक मोठी बहीण आहे, रंजिता हरिसिंग. बोलणं बंद आहे. पत्रं चालू आहेत.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवला तर तोही लिहून द्यावा लागेल.
तुहा भाऊ,
शाम